बाबांचं गाऱ्हाणं आता कोणी घालायचं?

सुरंगी | २ ऑगस्ट, रात्री १०:४०

बाबा फाल्गुनात गेले. पहिल्या तोडीचे आंबे तेव्हा माडीवर आढीत, पेंढ्यात पिकायला ठेवलेले होते. दिवसकार्याच्या धांदलीत कोणालाच त्यांची आठवण झाली नाही. बाराव्या दिवशी माडीचं दार उघडलं आणि वासाने सगळं घर भरून गेलं. निम्मे आंबे उतरले होते. आई म्हणाली, "ह्येनी रात्री उठान परतले असते." त्या तेरा दिवसांत ती आपणहून बोललेलं हे एकच वाक्य.

आमचं घर देवगड तालुक्यात, कुणकेश्वरपासून जवळ. १९९० साली रोजगार हमीतून फळबाग योजना आली, तेव्हा बाबांनी कातळावर सुरुंग लावून खड्डे पाडले आणि खालच्या मळ्यातली माती टोपलीने वर नेऊन हापूसची कलमं लावली. प्रत्येक कलमाला नाव आहे: विहिरीवरचा, गडग्यावरचा, वाकडा, मुंबयवालो. (हा मुंबईवाला दोन वर्षांनी एकदाच भरभरून येतो, म्हणून.)

आता विषयावर येते. गणपतीला पहिल्या दिवशी आरती झाली की आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. घरातलं मोठं माणूस देवापुढे उभं राहून आपल्या बोलीत देवाशी बोलतं, आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. बाबा आधी ग्रामदेवतेचं नाव घ्यायचे, मग वाडवडिलांचं, मग घरातल्या एकेकाचं. कोण कुठे आहे, त्याला काय कमी आहे, सगळं देवाला सांगायचे. माझ्याबद्दल गेली अकरा वर्षं एकच मागणं असे: "चेडू डोंबिवलीक आसा, लोकलीत उभ्या-उभ्यान जाता, तेका बसाक जागा गावांदे रे म्हाराजा."

यंदा ते कोणी घालायचं? दादा पुण्याला असतो, त्याला पाठ नाही. मला सगळं येतं, लहानपणापासून बाबांच्या मागेच उभी असायचे. काका म्हणतात, बायल माणसांनी गाऱ्हाणा घालूचा नसता. आई म्हणते तुमचं तुम्ही ठरवा.

तुमच्या घरी वडील गेल्यावर काय केलंत? गाऱ्हाणंच असं नाही. वडील करायचे ते कोणतं काम तुमच्याकडे आलं, आणि ते कसं आलं?

---

रातांबा | २ ऑगस्ट, रात्री ११:१५

सुरंगी, लोकलच्या जागेचं वाचून आधी हसू आलं, मग फोन बाजूला ठेवून बसून राहिलो. अकरा वर्षं एखाद्यासाठी एकच गोष्ट मागत राहणं म्हणजे काय!

---

खळ्यातला | ३ ऑगस्ट, सकाळी ७:०५

तुमच्या दुःखात सहभागी आहे. पण काका म्हणतात त्यात तथ्य आहे. गाऱ्हाणं घालायचा मान घरातल्या कर्त्या पुरुषाचा. मोठा भाऊ आहे म्हटल्यावर प्रश्नच येत नाही. पाठ नसेल तर करून घ्या, अजून तीन आठवडे आहेत.

दुसरं, वर्षाच्या आत गणपती आणताय का? आमच्याकडे वर्षश्राद्ध होईपर्यंत सण करत नाहीत.

---

बकुळ | ३ ऑगस्ट, सकाळी ९:३०

खळ्यातला, प्रत्येक घराची रीत वेगळी. आमच्याकडे सुतक फिटलं की गणपती आणतात, फक्त दीड दिवसाचा आणि फटाके-बाजा नसतो. माझे वडील गेले त्या वर्षी आजी म्हणाली होती, गणपती काय पाहुणा आहे का, अडचण आहे म्हणून येऊ नको सांगायला? तेव्हापासून आमच्या घरात हा प्रश्न कोणी काढला नाही.

---

घाटावरची | ३ ऑगस्ट, सकाळी ११:५०

मी साताऱ्याची, लग्न होऊन चिपळूणला आले. पहिल्या वर्षी सासऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं, त्यात माझं नाव आलं आणि सोबत "तिका हयचो पाऊस मानवांदे" असंही आलं. (सासरे मूळचे कणकवलीकडचे.) त्या घरात मी आपली झाले ती त्या दिवशी. सासरे आता नाहीत. यांनी एकदा प्रयत्न केला, मधेच गळा दाटून आला. तेव्हापासून आम्ही नुसतं "चुकलंमाकलं पदरात घे" म्हणतो आणि प्रसाद वाटतो. काहीतरी राहून जातं, दरवर्षी जाणवतं. सुरंगी, कोणीही घाला, पण घाला.

---

डिलाईल रोड | ३ ऑगस्ट, दुपारी ३:२०

माझे वडील गिरणीत, साचेखात्यात, म्हणजे मागावर. आम्ही गावी, राजापूरच्या पुढे. ते मुंबईत गावकीच्या खोलीत राहायचे. एका खोलीत वीसेक माणसं, तीन पाळ्यांची, त्यामुळे झोपायची जागा कधी थंड व्हायची नाही. वर्षातून दोनदा यायचे, गणपतीला आणि शिमग्याला. माझ्या लहानपणी थोडेफार लोक अजून बोटीने यायचे. भाऊच्या धक्क्यावरून निघायचं आणि बंदर आलं की खोल पाण्यात बोट सोडून पडावात उतरायचं. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून गणपतीला एसटीच. रात्रभर उभ्याने आलेल्या बापाच्या अंगाला येणारा डिझेलचा वास हा माझ्यासाठी अजून गणपतीचा वास आहे.

बाकी वर्षभर वडील म्हणजे मनीऑर्डर. त्या फॉर्मच्या खाली चार ओळी लिहायला जागा असायची. वडील तिसरी शिकलेले. त्या चार ओळींत ते सगळं घर चालवायचे. "पागोळीकडची कौलं शाकारून घे. बाबूला दम लागतो तर डॉक्टरकडे ने, पैशाचं बघू नको. रेडी विकू नको." पोस्टमन वाचून दाखवायचा आणि आई तो कागद फाडून तुळईला लटकवलेल्या तारेत खोचायची. तो बाबू मी.

१८ जानेवारी १९८२ ला संप झाला. अडीच लाख कामगार बाहेर. मनीऑर्डर थांबली. वडील चार महिने मुंबईत तग धरून राहिले आणि मग वळकटी घेऊन गावी आले. संप मागे घेतल्याचं कधी कोणी जाहीर केलंच नाही, त्यामुळे पुढची कित्येक वर्षं ते म्हणायचे, "आमचा संप चालू आहे." गावात त्यांना शेती जमेना, हात साच्याला सवकलेले. मग त्यांनी गावातल्या लोकांच्या छत्र्या, कंदील, पंप दुरुस्त करायला घेतले. पैसे मागायचे नाहीत, जे देतील ते.

ते गेल्यावर आईने ती तार खाली काढली. एकशे चाळीसच्या वर कागद. मी एकेक वाचला. एकाही कागदावर "मी बरा आहे" सोडून स्वतःबद्दल दुसरा शब्द नाही.

माझ्याकडे काय आलं विचाराल तर पान्ह्यांची पेटी. डोंबिवलीत (सुरंगी, शेजारीच आहोत) आमच्या इमारतीत कोणाचाही नळ गळला की आधी माझी बेल वाजते. पैसे घेत नाही.

---

वल्हव | ३ ऑगस्ट, रात्री ९:१०

आमी हर्णैचे. बाबा तांडेल, बोट चालवणारे. परवाच, १ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठली, त्यामुळे आज थोडक्यात लिहितो.

जीपीएस यायच्या आधी समुद्रात जागा लक्षात ठेवायची तर जमिनीवरच्या दोन खुणा एका रेषेत धरायच्या. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीचा कळस आणि पुढ्यात सुवर्णदुर्गाचा बुरूज. त्या दोघांचं अंतर किती दिसतं त्यावरून खाली खडक आहे की चिखल, जाळं टाकायचं की नाही हे बाबा सांगायचे. कुठे लिहून ठेवलं नाही, सगळं डोक्यात. मला त्यांनी बारा वर्षांचा असल्यापासून नाळीवर, बोटीच्या पुढच्या टोकाला उभा करून दाखवलं.

२००९ च्या नोव्हेंबरात फयान आलं तेव्हा आम्ही बाहेर होतो. सकाळी पाण्याचा रंग बघून बाबांनी जाळं अर्ध्यावर ओढायला लावलं. बोटीवरच्या खलाशांनी कुरकुर केली, मीही केली. बंदरात शिरलो आणि मागून वारा आला. त्या वादळात आमच्या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांतली माणसं परत आली नाहीत. त्या रात्री बाबा जेवले नाहीत. धक्क्यावर बसून राहिले, कोणाची बोट येते का बघत.

आता बोटीवर सगळी यंत्रं आहेत. तरी बंदर सोडलं की मी कळस आणि बुरूज बघतो. माझा मुलगा विचारतो काय बघता. दाखवतो त्याला.

---

पोफळवाडी | ४ ऑगस्ट, दुपारी १२:४५

श्रीवर्धन. ३ जून २०२०, निसर्ग चक्रीवादळ.

दुपारच्या दोन-तीन तासांत वाडी गेली. आजोबांच्या वेळच्या पोफळी, कंबरेत मोडून एकमेकींवर पडल्या. माडही पडले. आधी वाडीमुळे घरातून समुद्र कधीच दिसत नसे, त्या संध्याकाळी पडवीतून दिसत होता. वडील तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे. मी नि माझा नवरा बोरीवलीला अडकलेलो, टाळेबंदी. दोन दिवस फोन लागला नाही. लागला तेव्हा पहिलं वाक्य, "विहिरीत झाड पडलंय, पण पाणी चांगलं आहे."

आम्ही म्हटलं, अप्पा, आता पुरे. पंचनामा होईल, जे मिळेल ते घ्या आणि इकडे या. ते ऐकत राहिले, हो-नाही काही बोलले नाहीत. पावसाळा संपल्यावर आम्ही गेलो तर वाडीभर सुतळ्या ताणलेल्या. नऊ-नऊ फुटांवर खुंट्या. पश्चिमेकडून आधी केळी लावलेल्या, कारण पोफळीच्या कोवळ्या बुंध्याला उतरतं ऊन लागलं तर तो करपतो. केळी वाढल्या की त्यांच्या सावलीत रोठा सुपारीची रोपं. पोफळ धरायला पाच-सात वर्षं जातात. मी रागाने विचारलं, अप्पा, हे तुम्ही बघणार आहात का? (हे वाक्य मला परत घेता आलं तर मी काय वाटेल ते देईन.) ते म्हणाले, "मी बघत होतो त्या तरी मी लावल्या होत्या का? माझ्या बापाने लावल्या होत्या. या बघायला तूच आहेस की."

२०२२ च्या दिवाळीत अप्पा गेले. मी आता महिन्यातून दोनदा जाते. पाट सोडायचा, झावळ्या ओढायच्या, सगळं शिकले. यंदा दोन झाडांना पहिली पोय, म्हणजे फुलोरा, आलेली आहे. ती फुटली त्या दिवशी मी वाडीत एकटी होते. हाक मारली, "अप्पा." मोठ्याने.

---

रातांबा | ४ ऑगस्ट, दुपारी १:३०

पोफळवाडी 🙏 कार्यालयात बसून वाचतोय, डोळे पुसायला बाहेर जाऊन आलो.

---

एकांडा | ४ ऑगस्ट, रात्री ११:५५

सगळ्यांचं वाचलं. सगळं खरं असेल, पण एक बाजू मांडतो. सगळ्यांचे वडील असे नसतात. माझेही गिरणीतले. संपानंतर गावी आले ते हातात बाटली घेऊन. पुढची पंधरा वर्षं आमच्या घरी संध्याकाळी दिवा लागायची वेळ झाली की आम्ही भावंडं शेजाऱ्यांच्या मांगरात जाऊन बसायचो. घर आजीने आणि आईने चालवलं. अशा धाग्यांवर आमच्यासारख्यांनी काय लिहायचं?

दुसरं असं की, डिलाईल रोड, तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे. पण ती कौलं शाकारली कोणी? तुम्हाला डॉक्टरकडे नेलं कोणी?

---

डिलाईल रोड | ५ ऑगस्ट, सकाळी ६:४०

एकांडा, तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. डॉक्टर सात मैलांवर होता. आईने मला पाठुंगळीला घेऊन नेलं, पावसात, पऱ्या ओलांडून. हे मी लिहायला हवं होतं. तारेत कागद वडिलांचे होते, पण तार आईची होती.

आणि तुमच्या वडिलांबद्दल. आमच्या खोलीतली निम्मी माणसं त्या वाटेने गेली. माझे वडील का गेले नाहीत हे मला सांगता येणार नाही. ते जास्त चांगले होते म्हणून, असं मी म्हणणार नाही. तुम्ही इथे जरूर लिहा.

---

बकुळ | ५ ऑगस्ट, सकाळी १०:२०

एकांडा, आजीबद्दल लिहा. धागा बापाचं काम कोणाकडे आलं असा आहे. तुमच्याकडे तर आजीच बाप होती.

---

काजूची बी | ५ ऑगस्ट, दुपारी ४:००

वातावरण थोडं हलकं करतो. आमचे दादा (वडील) आंबे काढायला झाडावर चढायचे. गुडघे गेले तेव्हा मी दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला आणून दिला. लांब काठी, पुढे जाळी आणि पातं, देठासकट आंबा अलगद जाळीत येतो. दादांनी तो दोन दिवस नुसता पडवीत उभा करून ठेवला. तिसऱ्या दिवशी बघतो तर शेजारच्या चार पोरांना ओळीत उभं करून शिकवतायत, "देठ दोन बोटं ठेवायचा, नाहीतर चीक उतरतो आणि आंब्याला डाग पडतो." जणू काही यांनीच शोध लावला! गावात तो झेला "दादांचा झेला" म्हणूनच ओळखला जातो. विद्यापीठाने माफ करावं.

गाऱ्हाण्याचंही तेच. आमच्या दादांचं गाऱ्हाणं इतकं लांबायचं की निरांजनं विझायची आणि पोरांनी ताटातले दोन-तीन मोदक संपवलेले असायचे. ते गेल्यावर माझ्या मोठ्या बहिणीने घातलं, भाऊ म्हणून मी तिथेच होतो. तिचा आवाज खणखणीत आहे, माझा नाही. कोणी काही म्हटलं नाही. आठ वर्षं झाली.

---

खळ्यातला | ५ ऑगस्ट, रात्री ८:३०

काजूची बी, तुमच्या गावात चाललं असेल. आमच्या बारापाचात, गावच्या मानकऱ्यांत चालणार नाही. मी कोणाला कमी लेखत नाही. या गोष्टी चार लोकांनी मिळून ठरवलेल्या असतात, एका घराने मोडल्या की पुढे बोलणी ऐकावी लागतात. सुरंगींच्या आईला त्याच गावात राहायचंय, याचाही विचार व्हावा.

---

सुरंगी | ६ ऑगस्ट, रात्री १०:००

सगळ्यांचे मनापासून आभार. खळ्यातला, तुमचा राग नाही. काकाही वाईट माणूस नाहीत, बाबांना खांदा देऊन आले तेव्हा तेच सर्वांत जास्त रडले.

एक सांगते. जूनमध्ये वारस नोंद केली. आमचा सातबारा सामाईक, वर-खाली धरून सत्तावीस नावं. फेरफार मंजूर होऊन उतारा हातात आला, त्यात बाबांच्या नावाला कंस पडलेला. नाव पुसत नाहीत, कंसात ठेवतात. खाली आई, दादा आणि मी. तलाठ्यांनी विचारलं, बहिणीचं हक्कसोड करायचं का? दादाने मान वर न करता सांगितलं, "नाय. तिचा नाव रवांदे." मी परतताना एसटीत तो कागद तीनदा उघडून बघितला. बाबांचं नाव कंसात आणि माझं बाहेर, एकाच पानावर.

तेव्हापासून हा प्रश्न मनात आहे. सातबाऱ्यावर माझं नाव चालतं, तर त्या जमिनीसाठी देवाकडे दोन शब्द मागायला का नको?

---

काजूची बी | ६ ऑगस्ट, रात्री १०:२५

तुमच्या दादाला माझा नमस्कार सांगा.

---

खळ्यातला | ६ ऑगस्ट, रात्री ११:१०

जमिनीचं वेगळं. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा समान हक्क हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने देशभर आलेला आहे, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो जन्मापासूनचा असल्याचं स्पष्ट केलं. त्यात दुमत नाही, मीसुद्धा बहिणींची नावं ठेवली आहेत. एक सल्ला: सामाईकात प्रत्येकाची वहिवाट कुठली हे आत्ताच कागदावर लिहून सह्या घ्या. माणसं आहेत तोवर गडगे, म्हणजे हद्दीचे दगडी बांध, दाखवायला कोणीतरी असतं. आमच्या बाबांबरोबर तीन गडगे गेले, अजून वाद चालू आहे.

---

वल्हव | ७ ऑगस्ट, पहाटे ४:५०

खळ्यातला, गडगे काय नि समुद्रातल्या खुणा काय. विचारून ठेवायला हवं होतं असं सगळ्यांनाच नंतर वाटतं.

---

घाटावरची | ७ ऑगस्ट, सकाळी ११:००

सुरंगी, बाबांच्या आवाजात काही आहे का? कोणाच्या फोनमध्ये?

---

सुरंगी | ७ ऑगस्ट, रात्री ९:४५

आहे. २०१९ चं, पुतण्याने केलेलं, सव्वासहा मिनिटांचं. मी अजून ऐकलेलं नाही. फाईलचं नाव नुसतं दिसलं तरी बोट मागे येतं. दादाला पाठवलंय.

---

एकांडा | ९ ऑगस्ट, रात्री १२:३०

बकुळ, आजीबद्दल. ती पहाटे चारला उठून जात्यावर कुळीथ भरडायची आणि तिथूनच आम्हा चौघांना एकेक करून हाक मारून पाढे म्हणायला लावायची. तिला स्वतःला पाढे येत नव्हते. कोण अडखळतो हे ती आवाजावरून ओळखायची. आम्ही चौघंही शिकलो. एवढंच लिहितो, जास्त येत नाही.

---

सुरंगी | ८ सप्टेंबर, रात्री ९:२०

गणपती होऊन सगळे आपापल्या गावी परतले. सगळ्यांनी इतकं लिहिलंत, म्हणून काय झालं ते सांगते.

दादा दोन दिवस आधी आला. गणपतीच्या वरची माटवी त्यानेच बांधली. नारळ, शेरवडं, कवंडळं, आंब्याचे टाळे, सुपारीचे घोस. बाबा कवंडळं मधोमध बांधायचे, त्याने कडेला बांधली, आईने काही न बोलता खुर्चीवर चढून ती सोडवली आणि मधे बांधली.

चतुर्थीला आरती झाली. काका आलेले होते. दादाने नारळ हातात घेतला आणि मला म्हणाला, माझ्या बाजूक उभी रव. सुरुवात त्याने केली. "बा देवा म्हाराजा, आज हयसर तुझी लेकरा जमली आसत, जी काय मोडकीतोडकी सेवा केली आसा ती गोड मानून घे रे म्हाराजा." शब्द न् शब्द बाबांचा. त्याने ती फाईल पुण्यात रोज गाडी चालवताना ऐकली होती, हे मला नंतर वहिनीने सांगितलं.

एके ठिकाणी तो थांबला आणि दाराकडे बघितलं. सगळ्यांनी दाराकडे बघितलं. तिथे कोणीच नव्हतं. रात्री मी धीर करून फाईल ऐकली. २०१९ ला बाबाही तिथेच थांबलेत आणि म्हणालेत, "पोरा खय गेली? येऊंदेत, मगे फुडे बोलतंय." दादाने ते शब्द गाळले होते, थांबणं तेवढं ठेवलं होतं. त्याला स्वतःला ते कळलं नव्हतं.

मग वाडवडिलांचं आलं. "जे कोण वाडवडील ह्या घरातसून होऊन गेले…" इथे बाबा आजोबांचं नाव घ्यायचे. दादाने आजोबांचं नाव घेतलं आणि पुढे त्याला बाबांचं घेता येईना. बराच वेळ गेला. मी घेतलं. मोठ्याने, पूर्ण नाव, आजोबांच्या नावासकट, आणि "तेंची नजर ह्या घरार रवांदे रे म्हाराजा" म्हटलं. "व्हय म्हाराजा" आलं. त्यात काकांचा आवाज होता की नाही, मला खरंच सांगता येणार नाही. पुढची नावं मी घेतली, शेवट दादाने केला. माझ्या लोकलच्या जागेचं त्याने मागितलं, बाबांच्याच शब्दांत. त्यापुढे त्याने स्वतःचं एक वाक्य घातलं, "आवशीक रात्री झोप येवंदे."

काका जेवून गेले. गाऱ्हाण्याबद्दल एक शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी आरतीला आले, येताना अळूची पानं घेऊन. पुढच्या वर्षी काय म्हणतील माहीत नाही.

---

रातांबा | ८ सप्टेंबर, रात्री ९:४०

व्हय म्हाराजा.

---

पोफळवाडी | ८ सप्टेंबर, रात्री १०:१५

आईला झोप येते का आता?

---

सुरंगी | ८ सप्टेंबर, रात्री १०:३०

थोडी थोडी. रात्री दोनला उठून माडीचा जिना चढते, ती आढी परतायची वेळ. वर आता काहीच नसतं, नुसतं गवत.

---

एकांडा | ८ सप्टेंबर, रात्री ११:४५

पितृपक्ष सुरू झाला. मी वडिलांसाठी पान ठेवत नाही, याही वर्षी ठेवणार नाही. आजीचं ठेवतो, कुळथाची पिठी आणि भात. सुरंगी, तुम्ही नाव घेतलंत ते वाचून बरं वाटलं.

---

खळ्यातला | ९ सप्टेंबर, सकाळी ७:२०

सुरंगी, भावाने सुरुवात आणि शेवट केला, तुम्ही मधली नावं घेतलीत. यात मला वावगं काही दिसत नाही. माझ्या बहिणीला हे वाचायला पाठवलं आहे.

---

सुरंगी | ९ सप्टेंबर, रात्री ९:००

धन्यवाद, खळ्यातला.

काजूची बी, एक काम होतं तुमच्याकडे. फेब्रुवारीअखेर पहिली तोड होईल. मी आठ दिवसांची रजा टाकून जाणार आहे. आढी बाबाच लावायचे, आम्हाला कोणाला त्यांनी हात लावू दिला नाही, आंबा दाबला जातो म्हणायचे. कशी लावायची, केव्हा परतायची, जरा सविस्तर लिहाल का?

---

काजूची बी | ९ सप्टेंबर, रात्री ९:५०

लिहितो. आंबे सकाळी ऊन चढायच्या आत काढा, देठ ठेवून. सावलीत पसरून चीक वाळू द्या. माडीवर खाली भाताच्या पेंढ्याचा चांगला थर. त्यावर आंबे देठ वर करून एकमेकांना न घासता लावा. वर पेंढा, मग दुसरा थर. मोठे आंबे खालच्या थराला नकोत. कोवळे वाटतील ते वेगळे ठेवा, ते सुरकुततात. पाच-सहा दिवस अजिबात उघडू नका, कितीही मोह झाला तरी. मग पहिल्यांदा हात फिरवा आणि त्यानंतर एक दिवसाआड. एखादा डागलेला मिळाला की लगेच बाहेर, नाहीतर शेजारचे चार जातात. त्या दिवसांत हवा गार असते, त्यामुळे बारा-तेरा दिवसही लागतील, मे महिन्यात कमी.

रात्री परतायचं कारण दादा सांगायचे ते असं की दिवसा माडी तापते आणि सगळाच वास एक होतो. रात्री गारव्यात एकेका आंब्याचा वास वेगळा कळतो. दिवा लावू नका. देठाजवळ नाक न्या. दाबायचं नाही. आईंना सोबत घ्या, त्यांनी पस्तीस वर्षं खालून तो वास घेतलेला आहे.